रॅक बदलला आणि चाकं उलटी वळू लागली. आता कोणता रॅक घ्यावा?

मायनरमालक

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. पोस्ट लांबणार आहे. अर्धवट माहिती देऊन विचारलं की पहिले पाच प्रतिसाद "मापं द्या" असेच येतात, म्हणून सगळं एकदमच सांगून टाकतो.

गाडी १९५६ ची मॉरिस मायनर, निदान वरून तरी. खाली मायनरचं फारसं काही उरलेलं नाही. मूळ मायनरला पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), आणि वरच्या आर्मचं काम लिव्हरवाला शॉक ॲब्सॉर्बरच करायचा. माझ्या गाडीत कुणीतरी ते सगळं उपटून पाइपची चौकट, दुहेरी विशबोन (चाकाला धरून वर-खाली झुलणारे दोन आर्म), कॉइल स्प्रिंग आणि मोठं इंजिन बसवलंय. मूळ रॅक (स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारा दातेरी दांडा, हाउसिंगसकट) एक्सलच्या मागे होता. आता तिथे इंजिनाचा ऑइल संप येतो, म्हणून त्या माणसाने रॅक एक्सलच्या पुढे नेला. नकलचे (ज्यावर चाक बसतं आणि वळतं त्या भागाचे) आर्मही पुढे. स्टिअरिंग उजवीकडे. गाडी त्यानंतर दोन हात फिरून माझ्याकडे आली, सोबत कागदाचं चिटोरंही नाही.

दुखणं असं की सरळ चालताना स्टिअरिंगच्या रिमवर साधारण १५ मिमी रिकामा खेळ होता. रॅकचा ॲडजस्टर (दातांमधला खेळ कमी करणारा स्क्रू) कसला की मधला खेळ जायचा, पण मग पूर्ण वळणावर स्टिअरिंग इतकं जड व्हायचं की मधूनच अडकतंय असं वाटे. ढिला केला की पुन्हा खडखड. रॅक मधोमध झिजलाय हे माझं मीच ठरवलं आणि नवा आणायचं मनावर घेतलं.

रॅक कुठल्या गाडीचा हे शोधण्यातच दोन रविवार गेले. हाउसिंगवर ओतीव अक्षरं होती, पण उलटी. आरसा धरून काही वाचता येईना, शेवटी फोन उलटा धरून फोटो काढला तेव्हा नंबर लागला. एका छोट्या हॅचबॅकचा निघाला. माझं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून त्याच मॉडेलचा उजव्या स्टिअरिंगचा रॅक मागवला. आला तो तंतोतंत. लांबी तीच, यू क्लॅम्प तेच, टाय रॉडचे (रॅकपासून चाकाच्या आर्मपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे) आटे तेच, पिनियन (स्टिअरिंगबरोबर फिरून रॅकला सरकवणारं छोटं दातेरी चाक) उजवीकडेच. एकच फरक दिसला. जुन्याचा ॲडजस्टर वरच्या बाजूला होता, पाना लावायला सोयीचा. नव्याचा खाली आहे. म्हटलं, बदललं असेल डिझाइन.

बसवला. कॉलम जोडला. गाडी जॅकवरच होती हे नशीब. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, चाकं डावीकडे गेली. मी पुन्हा फिरवून पाहिलं. मुलगा समोर उभा होता, तो म्हणाला, "बाबा, तुम्ही उजवीकडेच फिरवताय ना?"

चुकीचा माल पाठवला म्हणून विक्रेत्याशी भांडलोसुद्धा, पण नंबर तर बरोबर आहे. तर (१) हे झालं कसं, आणि (२) आता कोणता रॅक घ्यावा?

---

गिअरतेल

हाहा! माफ करा, पण मुलाचं वाक्य जमलंय.

मध्ये शाफ्टवर दोन सारख्या दातांचे गिअर टाकून दिशा उलटी करता येईल की. छोटा डबा बनवायचा आणि बसवायचा. नाहीतर सरळ रॅक काढून स्टिअरिंग बॉक्स लावा, जुन्या गाड्यांना तोच शोभतो.

---

ओळंबा

गिअरतेल, तो डबा कृपा करून कुणी बनवू नका. खेळ काढायला माणूस रॅक बदलतोय आणि तुम्ही त्याला दातांची आणखी एक जोडी देताय. शिवाय ती जोडी तुटली तर स्टिअरिंग हातात फिरत राहील आणि चाकं स्वतःच्या मर्जीने जातील. आणि बॉक्सच हवा होता तर मायनर कशाला? १९४८ पासून या गाडीला रॅकच आहे, तिच्या चालवण्याचं निम्मं सुख त्यातच आहे.

मायनरमालक, विक्रेत्याची माफी मागा. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये दोनदा आलंय. अक्षरं उलटी होती, आणि ॲडजस्टर वर होता. तुमचा जुना रॅक मुळात डाव्या स्टिअरिंगचा आहे आणि तो पालथा बसवलेला होता.

टेबलावर करून पाहा. पेन्सिल तुमच्यापासून समोर जाईल अशी आडवी धरा; ही तुमची पिनियन, आणि तुम्ही ड्रायव्हर. पेन्सिलीवर फूटपट्टी आडवी ठेवा आणि पेन्सिल उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवा. पट्टी उजवीकडे सरकते. आता पट्टी पेन्सिलीखाली धरून तेच करा. पट्टी डावीकडे जाते. बस, एवढंच आहे सगळं.

आर्म एक्सलच्या पुढे असतील तर उजवीकडे वळायला पट्टी उजवीकडे जायला हवी, म्हणजे पिनियन खाली आणि रॅकचा दांडा वर. आर्म मागे असतील तर बरोबर उलटं: पिनियन वर, दांडा खाली. (शाफ्ट जवळजवळ उभा असेल तर वर-खालीच्या जागी पुढे-मागे वाचा. दांडा पिनियनच्या पुढे असेल तर पुढच्या आर्मसाठी, मागे असेल तर मागच्यासाठी.) ॲडजस्टरचा ठोकळा दांड्याला पिनियनवर दाबून धरतो, म्हणून तो कायम पिनियनच्या समोरच्या बाजूला असतो. ॲडजस्टर वर म्हणजे पिनियन खाली, हे फोटो न बघताही सांगता येतं.

इंजिन आडवं असलेल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये रॅक एक्सलच्या मागे, डॅशबोर्डाच्या भिंतीला लागून असतो. तो तसाच पुढे आणून लावला की तुमच्यासारखं होतं. तुमच्या गाडीचा तो अनाम कारागीर हुशार होता. त्याने डाव्या स्टिअरिंगचा रॅक घेतला आणि पोळी उलथावी तसा पालथा केला: पिनियनची बाजू डावीकडून उजवीकडे आली, आणि पिनियन वरून खाली गेली. एका फटक्यात दोन्ही कामं.

म्हणून नवा रॅक नुसता उलथून भागणार नाही. दिशा सुधारेल, पण पिनियन डावीकडे जाईल आणि तुमचा कॉलम हवेत लोंबेल.

---

मायनरमालक

ओळंबाताई, (ताईच ना? मागे एका धाग्यावर तुम्ही अलाइनमेंटच्या खड्ड्यात अठरा वर्षं काढल्याचं लिहिलं होतंत) पेन्सिल आणि पट्टी घेऊन बसलो. बायकोने विचारलं काय चाललंय, तिलाही दाखवलं. तिला पहिल्या फटक्यात कळलं, मला तिसऱ्या.

विक्रेत्याला फोन केला. माणूस भला निघाला, रॅक परत घेतोय.

आता माझ्यापुढे दोन वाटा आहेत.

अ) त्याच मॉडेलचा डाव्या स्टिअरिंगचा नवा रॅक घ्यायचा आणि पूर्वीसारखा पालथा लावायचा. आतल्या बॉल जॉइंटच्या मध्यापासून दुसऱ्या आतल्या बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत ५८० मिमी. पूर्ण सरक १४० मिमी, स्टिअरिंगच्या साडेतीन फेऱ्यांत.

ब) मुळातच एक्सलच्या पुढे बसणारा, उजव्या स्टिअरिंगचा, सुलटा रॅक. एक चांगला मिळतोय. बॉल ते बॉल ६४० मिमी, सरक १५२ मिमी, ३.३ फेऱ्या.

मन ब कडे ओढतंय. पालथा रॅक म्हणजे शेवटी जुगाडच ना? पण सगळे सांगतात की बॉल ते बॉल अंतर चुकलं तर बंप स्टिअर येतो, खड्ड्यात चाक गेलं की गाडी आपोआप वळते. ६० मिमीचा फरक फार आहे का?

नकलच्या आर्मची लांबी ११५ मिमी. लोअर विशबोनचे आतले बोल्ट डावा ते उजवा ५६०, जमिनीपासून १९० वर. अपरचे ६४०, जमिनीपासून ४०० वर. रॅकचा मध्य २५० वर होता. बाहेरच्या टाय रॉड एंडमधलं अंतर ११८०.

---

साडेसातनंबर

मी ब च्या बाजूचा. पालथा रॅक मीही एका गाडीत वापरलाय, तेव्हा अनुभवाने बोलतो. रॅकमध्ये ग्रीस असेल तर चालून जातं, पण काही जुन्या रॅकमध्ये ईपी ९० तेल असतं. उलथल्यावर पिनियनचं सील तळाला येतं आणि तेल थेंब थेंब जमिनीवर. माझ्या गाडीखाली कायम एक बशी असायची. दुसरं, पिनियनच्या तोंडावरची धुळीची टोपी पाणी वरून निथळावं अशा बेताने केलेली असते. पालथी झाली की ती वाटी होते.

शिवाय पुढे कुणी तुमच्याकडून गाडी घेतली की तो बिचाराही तुमच्यासारखाच फसणार.

---

ओळंबा

साडेसातनंबर यांचं तेलाचं म्हणणं अगदी खरं. म्हणून आधी बघा, या रॅकमध्ये ग्रीस आहे की तेल. हॅचबॅकचा साधा मॅन्युअल रॅक आहे, बहुतेक ग्रीसच निघेल. पिनियनच्या तोंडाला रबरी भाता लावला की पाण्याचाही बंदोबस्त होतो.

आता मापं. एवढी पूर्ण मापं दिल्याबद्दल आधी शाबासकी.

चाक वर-खाली होताना विशबोनच्या आधाराने झुलतं. टाय रॉडही झुलतो. दोघांचा झोका एकाच बिंदूभोवती असेल तर चाक वळत नाही, नसेल तर टाय रॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो. समोरून पाहताना अपर आणि लोअरचे आतले बोल्ट जोडणारी रेघ काढा. टाय रॉडचा आतला बॉल त्या रेघेवर असावा. तुमची लोअर १९० वर ५६०, अपर ४०० वर ६४०. २५० उंचीवर ती रेघ ५८३ वर येते. जुना रॅक ५८० चा. तुमच्या कारागिराने रॅक भंगारातून सापडला म्हणून लावलेला नाही, मोजून आणलाय.

मग ६४० चा लावला तर? प्रत्येक बाजूचा टाय रॉड साधारण २९८ ऐवजी २७० मिमीचा होईल. चाक ५० मिमी वर गेलं तर आखूड रॉडचं बाहेरचं टोक जेमतेम ०.४ मिमी जास्त आत ओढलं जातं. ११५ च्या आर्मवर ते साधारण ०.२ अंश. रिमची कड ते कड ३८० मिमी धरली तर एका चाकाचा टो (चाकाची पुढची कड मागच्या कडेपेक्षा किती आत किंवा बाहेर आहे ते) सुमारे दीड मिमी बदलतो. चांगलं नाही, पण गाडी पलटी करणारंही नाही.

आता दुसरा हिशोब बघा, जो कुणीच विचारत नाही. समजा अंतर बरोबर ५८३ आहे, पण रॅक फक्त १० मिमी वर किंवा खाली बसला. त्याच ५० मिमीच्या उडीला टाय रॉडचं टोक १.७ मिमी सरकतं. ०.८ अंशाहून जास्त. रिमवर साडेपाच मिमी!

म्हणजे बॉल ते बॉल अंतरात ६० मिमी चुकलात तर दीड मिमी, आणि उंचीत एका बोटाएवढं चुकलात तर साडेपाच. लोक मात्र लांबीच्या मागे महिनाभर फिरतात आणि उंची क्लॅम्प जिथे बसेल तिथे सोडून देतात. अठरा वर्षांत माझ्याकडे आलेल्या घरगुती गाड्यांमध्ये दर वेळी दुखणं उंचीचंच निघालं.

दोन्ही चुका वेगवेगळ्या दिसतात, हेही लक्षात ठेवा. उंची चुकली तर चाक वर जाताना टो एका बाजूला आणि खाली जाताना दुसऱ्या बाजूला जातो. कागदावर मांडलं तर तिरपी रेघ येते. लांबी चुकली तर वर-खाली दोन्हीकडे टो एकाच बाजूला जातो. कागदावर वाटीसारखी कमान येते. तुमच्यासारख्या पुढच्या आर्मला रॉड आखूड पडला तर दोन्ही वेळा टो-इन, म्हणजे चाकाची पुढची कड आत.

ब ला माझा खरा विरोध वेगळाच आहे. १५२ ची सरक म्हणजे प्रत्येक बाजूला ७६ मिमी. ११५ च्या आर्मवर चाक ४१ अंशांपर्यंत वळेल. जुना ७० मिमी सरकायचा, ३७ अंश आणि थोडं. ते जास्तीचे चार अंश टायर कुठे घासून काढेल ते आधी पाहा. आणि ब चा दांडा एका फेरीत ४६ मिमी सरकतो, जुना ४० सरकायचा. म्हणजे स्टिअरिंग १५ टक्के जड. इंजिन आधीच मोठं, पॉवर नाही. पार्किंग करताना आठवण येईल.

अ घ्या. पालथा लावणं यात जुगाड काही नाही, रॅकला वर-खाली कळत नाही.

एक प्रश्न. जुन्या रॅकच्या क्लॅम्पखाली काही पट्ट्या किंवा चकत्या होत्या का?

---

मायनरमालक

ताई, तुम्ही माझ्या गॅरेजात कॅमेरा लावलाय का?

होत्या. दोन लोखंडी पट्ट्या, एकेका क्लॅम्पखाली एकेक. गंजलेल्या, कडा हाताने कापलेल्या. मला वाटलं, कुणीतरी भोकं जुळेनात म्हणून ठिगळ लावलंय. काढून भंगाराच्या डब्यात टाकल्या. तुमचा प्रश्न वाचला आणि रात्री साडेदहाला बॅटरी घेऊन डबा उपसला. सापडल्या. व्हर्निअर लावला, दोन्ही बरोबर ६ मिमी. एकीवर खिळ्याने ओरखडून "वर" असं लिहिलंय.

२५० उंची मी त्या पट्ट्यांसकट मोजली होती. नवा रॅक मी त्यांच्याशिवाय, २४४ वर बसवला होता. म्हणजे दिशा बरोबर आली असती तरी गाडी खड्ड्यात नाचलीच असती.

ग्रीसच आहे, भाता सोडवून बोट घालून पाहिलं.

---

आटेमास्तर

ताईंनी भूमितीचं सगळं सांगितलंय, मी हातोड्याकडचं बोलतो. अ घेतलात तरी या गोष्टी नवा रॅक गाडीला लावायच्या आधी टेबलावरच बघून घ्या.

टाय रॉडचे आटे. जुना एंड नव्या रॉडवर हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. दोन फेऱ्यांनंतर जड झाला तर आट्यांचा अंतर-फरक असू शकतो. पाना लावून जबरदस्ती करू नका, पिच गेज लावा. एंड रॉडवर किती चढतो तेही बघा. रॉडच्या जाडीच्या दीडपट तरी आटे आत हवेत. रॉड आखूड पडतोय म्हणून तीन-चार आट्यांवर एंड टांगलेली गाडी मी पाहिली आहे, आणि तो मालक ती रोज चालवत होता.

एंडचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा. नकलमधलं भोक आणि एंडची पिन यांचा टेपर एकच हवा. निळा रंग किंवा लिपस्टिक लावून पिन दाबा आणि फिरवा, पूर्ण कडेला रंग उमटला पाहिजे. नुसत्या वरच्या कडेला उमटला तर नट कितीही आवळा, पिन आत डुगडुगणार.

आणि लांबी कमी-जास्त करायला टाय रॉड कापून वेल्डिंग करायचं नाही. नाही म्हणजे नाही. मी तरुणपणी एकदा केलं. वेल्डिंग सुरेख झालं होतं, माशाच्या खवल्यांसारखं. अंगणातून बाहेर काढताना, चालण्याच्या वेगात, कट् असा आवाज आला आणि डावं चाक एकटंच डावीकडे बघायला लागलं. तुटलं वेल्डिंगच्या शेजारी, तापलेल्या भागात. वेल्डिंग तसंच शाबूत. तो तुकडा अजून माझ्या टूलबॉक्सात आहे, नवीन पोरांना दाखवायला.

कॉलम ते रॅक किती युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारे सांधे) आहेत? दोन असतील तर मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका ओळीत ठेवा आणि दोन्ही कोन जमतील तेवढे सारखे. तसं नसेल तर स्टिअरिंग एका फेरीत दोनदा हलकं आणि दोनदा जड लागतं, आणि माणूस रॅकला दोष देतो. एका जॉइंटचा कोन मी तीस अंशांच्या पुढे जाऊ देत नाही.

---

मायनरमालक

मास्तर, तुमच्या वेल्डिंगची गोष्ट मुलाला वाचून दाखवली. तो परवाच म्हणत होता, "बाबा, लागलंच तर कापून जोडू."

जॉइंट दोन आहेत. काटे एका ओळीत नव्हते, एका दाताने सरकलेले होते. वळणावर अडकल्यासारखं वाटायचं त्यात याचाही वाटा असणार.

एक विचारायचं राहिलं. क्लॅम्पचे रबर बदलून पॉलियुरेथेनचे घालू का? रॅक घट्ट राहील.

---

साडेसातनंबर

घाला. (अ ला केलेला विरोध मी मागे घेतो, उंचीचा हिशोब मला नवा होता. माझ्या त्या बशीवाल्या गाडीचा रॅक आता पुन्हा मोजतो.)

---

ओळंबा

घाला, पण बंप स्टिअर मोजून झाल्यावर पट्ट्या पक्क्या करा आणि मग घाला. मोजायचं असं. स्प्रिंग काढा, लोअर आर्मखाली जॅक. स्टिअरिंग सरळ ठेवून बांधून टाका, ते हललं तर सगळं वाया. हबला टायरऐवजी सरळ फळी आवळा. फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकासमोर जमिनीवर एकेक खुंटी रोवा आणि दोन्ही अंतरं मोजा. रोज चालते त्या उंचीपासून ५० मिमी खाली आणा, मग १० मिमीच्या टप्प्यांनी ५० वरपर्यंत न्या. दर टप्प्याला पुढचं अंतर वजा मागचं अंतर. आकडे वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका.

आधी पट्ट्यांशिवाय मोजा, मग पट्ट्यांसकट. मला त्या माणसाची परीक्षा बघायची आहे.

---

मायनरमालक

मंडळी, उशीर झाला. रॅक यायला वेळ लागला आणि मग मला ताप.

डाव्या स्टिअरिंगचा रॅक आला. पालथा करून बसवला, ॲडजस्टर पुन्हा वर. मुलाला समोर उभा केला. उजवीकडे फिरवलं, चाकं उजवीकडे. त्याने टाळी वाजवली.

मग मोजणी. फळी ३८० मिमीचीच कापली, म्हणजे आकडे थेट ताईंच्या हिशोबाशी जुळावेत. पट्ट्यांशिवाय: ५० मिमी वर नेल्यावर टो ३.५ मिमी इन, ५० खाली नेल्यावर ३ मिमी आउट. वहीत टिंबं मांडली तर रेघ तिरपी, पट्टीने आखल्यासारखी. ६ मिमीच्या पट्ट्या घातल्या: वर अर्धा मिमी, खाली अर्ध्याहून कमी. मी तीनदा मोजलं. तो माणूस कोण होता माहीत नाही, पण त्याने हाच उद्योग कुठल्या तरी रात्री केला असणार आणि मग खिळा घेऊन "वर" लिहिलं असणार.

पट्ट्या घासून, रंगवून परत लावल्या. "वर" तेवढं रंगात बुजू दिलं नाही. साडेसातनंबर यांचं ऐकून रॅकवर पिवळ्या रंगाने लिहिलंय: "डाव्या स्टिअरिंगचा, मुद्दाम पालथा." पिनियनच्या तोंडाला भाता लावला. एंडचे आटे हाताने शेवटपर्यंत गेले, टेपर लिपस्टिकने तपासला (बायकोची, विचारून).

रिमवरचा खेळ आता जाणवतसुद्धा नाही. गंमत म्हणजे जुन्या रॅकचा दांडा बाहेर काढून पाहिला. टोकांचे दात नव्यासारखे, मधले पाच-सहा दात चकाकणारे, पातळ. हिशोब केला, रिमवरचा १५ मिमी खेळ म्हणजे दांड्यावर अर्ध्या मिमीहूनही कमी झीज. एवढ्याशा गोष्टीने वर्षभर हैराण केलं.

एकच किरकोळ राहिलंय. रस्त्यावर सरळ चालताना स्टिअरिंगचा आरा थोडा डावीकडे झुकलेला दिसतो. स्टिअरिंग काढून एक दात फिरवून बसवू का?

---

ओळंबा

नका! आधी रॅक मधोमध आहे का ते पाहा. पूर्ण डावीकडे न्या, मग पूर्ण उजवीकडे, फेऱ्या मोजा. साडेतीन असतील तर टोकापासून पावणेदोन फेऱ्या परत या. तो रॅकचा मध्य. तिथे आरा सरळ असेल पण चाकं तिरकी असतील, तर एका बाजूचा टाय रॉड जेवढा आत फिरवाल तेवढाच दुसऱ्या बाजूचा बाहेर, म्हणजे टो तसाच राहील. रॅकच्या मध्यावरच आरा तिरका असेल, तरच स्टिअरिंग काढून दात बदला.

आधीच दात बदललात तर आरा सरळ दिसेल, पण रॅक कायम एका अंगाला राहील आणि गाडी एका बाजूला जास्त वळेल, दुसऱ्या बाजूला कमी.

आणि लॉकनट आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर रबरी भाता पिळला जातो.

---

मायनरमालक

पावणेदोन फेऱ्यांवर आरा सरळ, चाकं उजवीकडे तिरकी. टाय रॉड दोन्हीकडे अर्धा-अर्धा आटा फिरवला. डावीकडचा भाता पिळला गेलाच होता, सोडवला. उद्या सकाळी लांब चक्कर मारतो.